एकदा लिहावे, अनेकांनी वापरावे : संगणकाच्या आज्ञावलीतील घटक व सामायिक लायब्ररी

वार्षिक परीक्षा आटोपली म्हणजे शाळेत निकालाचे काम सुरू होते. हल्ली हे काम बहुतेक ठिकाणी संगणकावर अगर भ्रमणध्वनीवर केले जाते. समजा, एका शाळेत तीन शिक्षकांनी हे काम वाटून घेतले आहे. एकाने वर्गाचे निकालपत्रक तयार करावयाचे, दुसऱ्याने प्रत्येक मुलाचे प्रगतिपत्रक छापावयाचे आणि तिसऱ्याने गुणगौरवासाठी मुलांची यादी करावयाची. शाळेने श्रेणीचा तक्ता ठरविला आहे : ९१ ते १०० टक्के म्हणजे अ-१, ८१ ते ९० टक्के म्हणजे अ-२, व याप्रमाणे पुढे. तिघांनीही आपापल्या संगणकावर श्रेणी काढण्याची रीत आपापल्या समजुतीप्रमाणे लिहिली.

आता एका मुलीला ६०० पैकी ५४३ गुण मिळाले. म्हणजे ९०.५ टक्के झाले. पहिल्या शिक्षकाने अर्धा टक्का पूर्ण धरला होता, त्यामुळे निकालपत्रकात तिची श्रेणी अ-१ आली. दुसऱ्याने अपूर्णांक सोडून दिला होता, त्यामुळे प्रगतिपत्रकात अ-२ छापली गेली. तिसऱ्याने टक्के जसेच्या तसे ठेवून तुलना केली. ९०.५ हा आकडा ९० पेक्षा मोठा आणि ९१ पेक्षा लहान असल्यामुळे तो कोणत्याच रकान्यात बसेना. तिची श्रेणीची जागा कोरी राहिली आणि गुणगौरवाच्या यादीतून तिचे नाव गळाले. तिघांपैकी एकानेही हयगय केलेली नाही. तिघांची बेरीजही बरोबर आहे. तरीसुद्धा एकाच मुलीच्या एकाच परीक्षेचे तीन निकाल लागले, आणि तिचे वडील प्रगतिपत्रक हातात घेऊन शाळेत आले तर त्यांना काय सांगावे, हे कोणासही कळेनासे झाले.

ही अडचण केवळ शाळेची नाही. संगणकासाठी आज्ञावली लिहिणारे जगातील सर्व लोक गेली ७५ वर्षे याच अडचणीशी झगडत आहेत. तिच्यावर त्यांनी जो उपाय शोधला, तो समजण्यास संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. तो उपाय कोणता, तो कसा चालतो, त्यात धोके कोणते आहेत आणि आपल्या वर्गात त्याचा उपयोग कसा करता येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

मूळ कल्पना

मुलांना आपण पाढे पाठ करावयास लावतो, ते कशासाठी? गुणाकाराचे प्रत्येक उदाहरण सोडविताना मुलाने सात वेळा आठ मिळवीत बसू नये, म्हणून. एकदा पाढा पक्का झाला, की तोच पाढा क्षेत्रफळाच्या उदाहरणात उपयोगी पडतो, तोच व्याजाच्या उदाहरणात, आणि तोच बाजारहाटात. उदाहरणे बदलतात, पाढा तोच राहतो. मात्र मूल 'सात आठे छप्पन्न' ऐवजी 'चोपन्न' असे पाठ करून बसले, तर ती चूक एका उदाहरणात राहत नाही. जेथे जेथे सात आणि आठ यांची गाठ पडेल, तेथे तेथे ती उमटते. आणि ती एकदा सुधारली, की सर्वच उदाहरणे सुधारतात.

संगणकाची आज्ञावली म्हणजे यंत्राने एकामागून एक करावयाच्या कृतींची लेखी यादी होय. बँकेची आज्ञावली, रेल्वेच्या आरक्षणाची आज्ञावली आणि शाळेच्या हजेरीची आज्ञावली या दिसावयास अगदी भिन्न आहेत. परंतु आतून पाहिले तर बरीचशी कामे तिन्हींत समान आढळतील. दोन तारखांमधील दिवस मोजणे, नावे वर्णानुक्रमे लावणे, आकडे पडद्यावर दाखविणे, कागदावर छापणे ही ती कामे होत. ही कामे प्रत्येकाने नव्याने लिहिली, तर श्रम वाया जातात. आणि श्रमांपेक्षाही मोठे नुकसान असे की, प्रत्येकजण आपापल्या नव्या चुका करून ठेवतो.

केंब्रिज येथील कपाट

हा विचार प्रत्यक्षात प्रथम पद्धतशीरपणे अंमलात आला तो इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात. तेथील गणित प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली एडसॅक नावाचा संगणक बांधला गेला. ६ मे १९४९ रोजी त्याने पहिली आज्ञावली यशस्वी रीतीने पार पाडली. ती आज्ञावली वर्गसंख्यांची सारणी छापण्याची होती. पाचवीच्या मुलाने वहीत लिहावी अशी ती सारणी एका खोलीभर पसरलेल्या यंत्राने छापली, तेव्हा नव्या युगास प्रारंभ झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

आनंदाचा पहिला भर ओसरताच एक गोष्ट ध्यानात आली. यंत्र बिनचूक चालत असले, तरी माणसाने लिहिलेली आज्ञावली बिनचूक नसते. त्याच वर्षी विल्क्स यांनी लिहिलेल्या १२६ आज्ञांच्या एका आज्ञावलीत सुमारे २० चुका निघाल्या. आपल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार, ही जाणीव आपणांस त्या सुमारास झाली, असे विल्क्स यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. वह्या तपासणाऱ्या शिक्षकास ही भावना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

एडसॅकला भागाकाराची स्वतंत्र आज्ञा नव्हती. बेरीज, वजाबाकी व गुणाकार यांच्या साहाय्याने भागाकार करवून घ्यावा लागे. वर्गमूळ काढणे अगर उत्तर छापणे यांसाठीही आज्ञांची लांबलचक मालिका लिहावी लागे. मग केंब्रिजच्या मंडळींनी असे केले : भागाकाराची आज्ञामालिका एकदा काळजीपूर्वक लिहिली, पुन्हा पुन्हा तपासली आणि कागदी फितीवर छिद्रे पाडून ती फीत एका कपाटात ठेवून दिली. ज्याला आपल्या कामात भागाकार लागेल, त्याने कपाटातून ती फीत काढावी, तिची नक्कल यंत्राने आपल्या फितीवर उतरवून घ्यावी आणि मूळ फीत जागेवर ठेवावी. अशा छोट्या आज्ञावलीस उपआज्ञावली असे म्हणतात. १९५१ पर्यंत त्या संग्रहात ८७ उपआज्ञावल्या जमा झाल्या होत्या. त्याच वर्षी विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल या तिघांनी या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुस्तकांप्रमाणे कपाटात रचून ठेवलेल्या या फितींच्या संग्रहास 'लायब्ररी' हे नाव पडले आणि आजही तेच नाव चालू आहे.

येथे एक सूक्ष्म प्रश्न उद्भवला, तो सांगण्यासारखा आहे. मुख्य आज्ञावली चालता चालता भागाकाराच्या उपआज्ञावलीकडे वळली. तेथील काम संपले. आता परत कोठे जावयाचे? एकाच आज्ञावलीत पाच ठिकाणी भागाकार असेल, तर परतीच्या जागाही पाच निरनिराळ्या होणार. उपआज्ञावली तर आधीच लिहून ठेवलेली; तिला या जागा कशा ठाऊक असणार? व्हीलर यांनी युक्ती काढली. मुख्य आज्ञावलीने उपआज्ञावलीकडे वळताना आपला ठिकाणक्रमांक सोबत द्यावा. उपआज्ञावलीने सर्वप्रथम त्या क्रमांकावरून परतीची आज्ञा तयार करून स्वतःच्या शेवटी मांडून ठेवावी आणि मग काम सुरू करावे. आपण मुलाला शेजारच्या वर्गात खडू आणावयास पाठवितो, तेव्हा 'कोणत्या वर्गाला हवा' ते सांगून पाठवितो, तसेच हे आहे. युक्ती साधी दिसते, परंतु तिच्यामुळेच एक उपआज्ञावली कोणत्याही आज्ञावलीत, कितीही वेळा वापरणे शक्य झाले.

घटक कशास म्हणावे

उपआज्ञावल्यांची संख्या वाढली, तेव्हा परस्परांशी संबंधित असलेल्यांचा गट करणे सोईचे ठरले. अशा गटास मॉड्यूल असे म्हणतात. आपण त्यास 'घटक' म्हणू. मात्र चार आज्ञा एकत्र बांधल्या म्हणजे घटक झाला, असे नव्हे. चांगल्या घटकाची दोन अंगे असतात. पहिले अंग बाहेरचे : या घटकाला काय द्यावयाचे, त्याकडून काय मिळेल आणि कोणत्या अटीवर मिळेल. दुसरे अंग आतले : ते काम तो कोणत्या रीतीने करतो. वापरणाऱ्याने बाहेरचे अंग जाणावे. आतल्या अंगात डोकावण्याची त्याला गरज पडू नये.

पोस्टाची पेटी हे याचे परिचित उदाहरण आहे. पत्रावर पत्ता लिहावा, तिकीट लावावे आणि पत्र पेटीत टाकावे, एवढे आपणांस ठाऊक असले म्हणजे पुरे. पुढे ते पत्र मोटारीने गेले की आगगाडीने, हे आपण पाहत नाही. उद्या पोस्टखात्याने मार्ग बदलला, तरी आपणांस पत्र लिहिण्याची रीत बदलावी लागत नाही.

डेव्हिड पार्नास या शास्त्रज्ञाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा विचार स्पष्ट शब्दांत मांडला. तोपर्यंत मोठ्या आज्ञावलीचे तुकडे बहुधा कामाच्या क्रमाने पाडले जात : आधी वाचणे, मग क्रम लावणे, मग छापणे. पार्नास यांचे म्हणणे असे की, तुकडे कामाच्या क्रमाने न पाडता, जे जे पुढे बदलण्याचा संभव आहे, ते ते एकेका घटकाच्या आत झाकून ठेवावे. म्हणजे बदल करण्याचा प्रसंग आला, तर तो एकाच घटकाच्या भिंतींच्या आत होईल आणि बाकीच्यांना त्याची झळ लागणार नाही.

आता आरंभीच्या शाळेकडे वळू. तेथे बदलण्याचा संभव असलेली गोष्ट कोणती? श्रेणीचा तक्ता आणि अपूर्णांकाचा नियम. यास्तव 'श्रेणी काढणे' हा एक घटक करावा. त्याचे बाहेरचे अंग असे : मिळालेले गुण व एकूण गुण द्यावे, श्रेणी मिळेल, एकूण गुण शून्य असता कामा नयेत आणि मिळालेले गुण एकूण गुणांहून अधिक असता कामा नयेत. आतले अंग असे : टक्के काढावे, शाळेने ठरविलेल्या नियमाप्रमाणे अपूर्णांकाची वासलात लावावी आणि तक्त्यात पाहून श्रेणी द्यावी. निकालपत्रक, प्रगतिपत्रक आणि गुणगौरवाची यादी या तिन्ही कामांनी याच घटकाकडे विचारणा करावी. नियम कोणता असावा, हे मुख्याध्यापकांनी एकदा ठरवावे. तो कोणताही ठरला, तरी ५४३ गुणांच्या मुलीची श्रेणी तिन्ही कागदांवर एकच येईल.

स्वतःची प्रत की सामायिक प्रत?

केंब्रिजमध्ये प्रत्येकजण कपाटातील फितीची नक्कल आपल्या फितीवर उतरवून घेत असे. ही पद्धत आजही प्रचारात आहे. आज्ञावली तयार होत असतानाच लायब्ररीतील लागणारा भाग तिच्यात कायमचा चिकटविला जातो. या जोडणीस स्थिर जोडणी म्हणता येईल. तिचा लाभ असा की, आज्ञावली स्वयंपूर्ण होते. ती कोठेही न्यावी, तिच्याजवळ सर्व साहित्य असते.

दुसऱ्या पद्धतीत आज्ञावलीत लायब्ररीची नक्कल नसते. फक्त 'मला अमुक लायब्ररीतील अमुक घटक हवा' अशी नोंद असते. संगणकावर त्या लायब्ररीची एकच प्रत ठेवलेली असते. आज्ञावली सुरू होते त्या वेळी संगणकाची व्यवस्था ती नोंद वाचते, लायब्ररी शोधते आणि दोहोंची गाठ घालून देते. एकाच वेळी अनेक आज्ञावल्या चालू असल्या, तरी लायब्ररीतील आज्ञांची एकच प्रत सर्वांना पुरते. हिलाच सामायिक लायब्ररी म्हणतात. विंडोज प्रणालीत अशा लायब्ररीच्या फाइलींच्या नावाअखेर डीएलएल ही अक्षरे असतात, तर लिनक्स प्रणालीत एसओ ही अक्षरे आढळतात.

दोहोंतील फरक हिशेबाने पाहू. एखादी लायब्ररी २ मेगाबाइट जागा व्यापते आणि संगणकावरील ४० आज्ञावल्यांना ती लागते, असे समजा. प्रत्येकीने संपूर्ण लायब्ररीची आपली प्रत बाळगली तर ८० मेगाबाइट जागा लागेल. सामायिक प्रत ठेवली तर २ मेगाबाइट पुरतील. परंतु जागेची बचत हा लहान लाभ होय. मोठा लाभ दुरुस्तीचा आहे. सामायिक प्रतीत चूक आढळली, तर ती एके ठिकाणी सुधारली की चाळीसही आज्ञावल्या पुढच्या वेळी सुधारलेली प्रत वापरतात. स्वतंत्र प्रती असल्या तर चाळीस ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. त्यांतील एखादी राहून जाते आणि कोणती राहिली हे कोणास कळत नाही.

हे केवळ कल्पनेतील नाही. इंटरनेटवरील गुप्त देवाणघेवाण सुरक्षित ठेवण्यासाठी ओपनएसएसएल नावाची लायब्ररी जगभर वापरली जाते. तिच्या मार्च २०१२ मध्ये निघालेल्या आवृत्तीत एक चूक शिरली होती. ती ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाली. तिच्यामुळे परक्या माणसास संगणकाच्या स्मृतीतील गुप्त मजकूर वाचता येत असे. एकाच लायब्ररीवर असंख्य लोक विसंबून असल्यामुळे धोका सर्वत्र पसरलेला होता. परंतु दुरुस्त आवृत्तीही त्याच दिवशी उपलब्ध झाली. ज्यांनी सामायिक प्रत ठेवली होती, त्यांना ती बदलून संबंधित आज्ञावल्या पुन्हा सुरू करणे पुरेसे झाले व चुकीची वाट बंद झाली. ज्यांच्या यंत्रांत स्वतंत्र प्रती चिकटविलेल्या होत्या, त्यांना प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे हुडकावे लागले.

आपल्या अक्षरांचे उदाहरण

सामायिक लायब्ररीचे एक उदाहरण मराठी शिक्षकाच्या रोजच्या पाहण्यातील आहे. मात्र ते सहसा लक्षात येत नाही. संगणकात मराठी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठविलेला असतो. 'कि' हे अक्षर साठविताना प्रथम क आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी अशी नोंद होते. पडद्यावर दाखविताना मात्र वेलांटी क-च्या आधी काढावी लागते. 'सूर्य' या शब्दात र आधी येतो, तरी तो रफार होऊन पुढच्या य-च्या डोक्यावर बसतो. जोडाक्षरांत तर एक अक्षर अर्धे करून दुसऱ्यास जोडावे लागते. हे सर्व नियम जाणून अक्षरे योग्य जागी मांडण्याचे काम करणारी हार्फबझ नावाची एक लायब्ररी आहे. फारसी भाषेत 'हर्फ' म्हणजे अक्षर. त्यावरून हे नाव पडले. फायरफॉक्स व क्रोम हे ब्राउझर, अँड्रॉइड भ्रमणध्वनी आणि लिबरऑफिस ही लेखनाची आज्ञावली या सर्वांत हीच लायब्ररी वापरलेली आहे.

मराठीत या कामास विशेष महत्त्व आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. 'आचार्यास' म्हणजे गुरूस आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्यास. एकात रफार आहे, दुसऱ्यात आडवा अर्धा र आहे. हा भेद दाखविता यावा म्हणून युनिकोड या अक्षरसंकेतात र आणि ऱ यांना निरनिराळे क्रमांक दिलेले आहेत. प्रत्येक आज्ञावली लिहिणाऱ्याने हे नियम स्वतः शिकून लिहावयाचे म्हटले असते, तर मराठी न जाणणाऱ्या माणसाच्या हातून गुरू आणि स्वयंपाकी यांची अदलाबदल झाल्यावाचून राहिली नसती. जाणत्यांनी हे काम एकदा नीट करून सामायिक लायब्ररीत ठेवले, म्हणून दूरदेशीच्या, आपली भाषा मुळीच न जाणणाऱ्या माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीतही आपल्या मुलांची नावे शुद्ध उमटतात.

धोके व त्यांवरील उपाय

एखादी वस्तू एके ठिकाणी उत्तम चालली, म्हणजे ती दुसऱ्या ठिकाणीही चालेलच, असे नाही. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आरियान-५ या युरोपीय अग्निबाणाचे आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानामधील कुरू येथून त्याचे पहिले उड्डाण झाले. त्याची दिशा सांगणाऱ्या यंत्रणेत आधीच्या आरियान-४ मधील आज्ञावली तशीच घेतलेली होती. ती तेथे उत्तम चालली होती, म्हणूनच ती घेतली. या आज्ञावलीत एक आकडा अशा लहान जागेत ठेवला जाई, की जेथे ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नसे. आरियान-४ च्या मार्गावर तो आकडा कधीच इतका वाढत नसे. आरियान-५ चा आडवा वेग अधिक होता. आकडा मर्यादेबाहेर गेला आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणाही होती. परंतु तिच्यातही तीच आज्ञावली असल्याने तीही त्याच कारणाने बंद पडली. उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत अग्निबाणाचा नाश झाला आणि त्यावरील चार संशोधन-उपग्रहही गेले. विशेष खेदाची गोष्ट ही की, ज्या गणितामुळे हे घडले, त्या गणिताचा आरियान-५ ला उड्डाणानंतर काहीही उपयोग नव्हता.

यावरून बोध असा : घटकाची अट, म्हणजे तो कोणत्या मर्यादेपर्यंत चालतो ते, घटकासोबतच लेखी असले पाहिजे; आणि घटक नव्या जागी नेताना ती अट तेथे पुरी होते की नाही, हे तपासले पाहिजे. जुन्या ठिकाणचे यश हे नव्या ठिकाणचे प्रमाणपत्र नव्हे.

दुसरा धोका परावलंबनाचा. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्टपॅड' नावाचा अवघ्या ११ ओळींचा एक घटक त्याच्या लेखकाने सामायिक भांडारातून काढून घेतला. मजकुराच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा भरून तो ठराविक रुंदीचा करणे, एवढेच त्याचे काम होते. परंतु त्याच्यावर दुसरे घटक विसंबून होते, त्यांच्यावर तिसरे, आणि अशा रीतीने जगभरातील हजारो ठिकाणी आज्ञावल्या तयार करण्याचे काम काही तास अडून राहिले. भांडाराच्या चालकांनी तो घटक पुन्हा जागेवर ठेवला आणि घटक काढून घेण्याचे नियमही पुढे कडक केले. तेव्हा, जे काम आपण पाच मिनिटांत नीट करू शकतो, त्यासाठी दुसऱ्यावर विसंबावे काय, याचाही विचार करावा.

तिसरा धोका नकळत होणाऱ्या बदलाचा. लायब्ररी सुधारताना तिचे बाहेरचे अंगच बदलले, तर तिच्यावर अवलंबून असलेल्या आज्ञावल्या बंद पडतात. यावर आवृत्तीक्रमांकाची एक पद्धत रूढ आहे. ३.४.२ असा तीन भागांचा क्रमांक द्यावयाचा. केवळ चूक सुधारली तर शेवटचा आकडा वाढवावा. जुन्यास धक्का न लावता नवी सोय वाढविली तर मधला. आणि जुनी रीत मोडली तर पहिला. वापरणाऱ्याने पहिला आकडा बदललेला पाहताच सावध व्हावे. पाठ्यपुस्तकाचे पुनर्मुद्रण आणि नवा अभ्यासक्रम यांतील फरक शिक्षकांना ठाऊकच आहे. हा फरक त्याच जातीचा आहे.

वर्गात घ्यावयाचा पाठ

हा विषय पाचवी ते सातवीच्या मुलांना संगणकाशिवायही शिकविता येतो. एका जाड कागदावर पुढीलप्रमाणे लिहावे. नाव : सरासरी काढणे. द्यावयाचे : काही संख्या. मिळेल : त्यांची सरासरी. अट : निदान एक संख्या असावी. कृती : सर्व संख्यांची बेरीज करावी, संख्या किती आहेत ते मोजावे, बेरजेला त्या मोजणीने भागावे. हा कागद वर्गाच्या मध्यभागी टांगावा आणि मुलांचे तीन गट करावे.

पहिल्या गटास सात दिवसांच्या पावसाचे मिलिमीटर द्यावे : १२, ०, ५, ८, २०, ३, ८. सरासरी ८ येईल. दुसऱ्या गटास बागेतील चार रोपांची सेंटिमीटरमधील उंची द्यावी : ११, १४, ९, १४. सरासरी १२ येईल. तिसऱ्या गटास आठवड्याची हजेरी द्यावी : २८, ३०, २७, २९, २६, आणि सुटीच्या दिवसापुढे ०. या गटास २३ हून थोडी अधिक सरासरी मिळेल. प्रत्यक्षात शाळा भरली त्या पाच दिवसांची सरासरी २८ आहे. येथे थांबून मुलांना विचारावे : कागदावरील कृती चुकली काय? मुले शोधून काढतील की कृती बरोबर आहे. पावसाच्या गटातील शून्य ही खरीखुरी नोंद आहे. हजेरीतील शून्य म्हणजे नोंदच नव्हे. म्हणून सुटीचा दिवस वगळून मगच संख्या घटकास द्यावयास हव्या होत्या. आरियान-५ चा बोध मुलांना येथे आपोआप मिळतो.

यानंतर दुसरा खेळ घ्यावा. प्रत्येक गटास त्या कागदाची स्वतःची प्रत करून ठेवण्यास सांगावे. दोन दिवसांनी मूळ कागदात एक वाक्य वाढवावे, उदाहरणार्थ, 'उत्तर एका दशांश स्थळापर्यंत द्यावे.' मग पाहावे, कोणत्या गटाने आपली प्रत सुधारली आणि कोणता विसरला. सामायिक प्रत व स्वतंत्र प्रत यांतील भेद मुलांना पुन्हा सांगावा लागणार नाही.

शिक्षकांनी स्वतःच्या कामातही हे तत्त्व पाळावे. संगणकावरील तक्त्यात निकाल करीत असताना श्रेणीचा तक्ता एकाच पानावर ठेवावा आणि इतर सर्व पानांनी त्याच पानाकडे पाहावे. सूत्राची नक्कल पानोपानी करू नये. नियमाखाली त्याची अट व तो ठरविल्याची तारीख लिहावी. ९०, ९०.५ आणि ९१ असे सीमेवरचे आकडे घालून तो आधी पडताळून पाहावा. कारण चूक बहुधा सीमेवरच दडलेली असते. केंद्रातील एका शाळेने तपासून केलेला तक्ता इतर शाळांनी घ्यावा आणि त्यात चूक आढळली तर आपल्या प्रतीत गुपचूप सुधारून न ठेवता मूळ करणाऱ्यास कळवावी. सामायिक वस्तूची निगा ही सामायिक जबाबदारी असते.

ज्ञान वाटल्याने वाढते, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. आज्ञावलीच्या बाबतीत त्यास एक पुस्ती जोडावी लागेल : वाटलेले ज्ञान तपासलेले असावे, त्याच्या मर्यादा लिहिलेल्या असाव्या आणि त्यात सुधारणा झाली म्हणजे ती सर्वांपर्यंत पोहोचावी. एवढे सांभाळले, तर ५४३ गुण मिळविणाऱ्या मुलीस तिचा निकाल तीन ठिकाणी विचारत फिरावे लागणार नाही.